मारायकेचं खरं वय

उल्काताई दामल्यांनी चौतीस वर्षं जहाजांचे विमे उतरवले, आणि तेही दिल्लीत बसून. इथून समुद्र बघायचा तर आख्खी रात्र गाडीत काढावी लागते. पण सरकारी विमा कंपनीचं मुख्य ऑफिस दिल्लीत, म्हणून जहाजंही दिल्लीत. कुठले कुठले टग, गाळ काढणारे ड्रेजर, मच्छीमार ट्रॉलर, सगळे फायलींत बसून त्यांच्या टेबलावर यायचे आणि शेरा घेऊन परत जायचे.

आता त्या एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. गाझियाबादेत वैशाली भागात चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. लग्न केलं नाही, त्याचं त्यांना काही वाटत नाही, लोकांनाच वाटतं. त्यांची खोड एकच, छापलेलं सगळं वाचायचं. साधा कुकर घ्यायचा तर दुकानातच वॉरंटीचं कार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आणि तोवर दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाला तोंड देत उभा. सोसायटीत ही खोड सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला कोणीतरी मेडिक्लेमचे कागद घेऊन त्यांच्या दाराशी येतं.

"मॅडम, इन्होंने क्लेम रिजेक्ट कर दिया," म्हणून कोणी रडकुंडीला आलं की उल्काताई आजाराची चौकशी करत नाहीत. त्या विचारतात, "फॉर्म में क्या लिखा था?"

"फॉर्म तो एजेंट ने भरा था जी."

"और साइन किसका है?"

इथे समोरचा माणूस पंख्याकडे बघायला लागतो. मग उल्काताई चहा टाकतात आणि कागद पुढे ओढतात. वरून कडक दिसणारी ही बाई एकेका क्लेमसाठी चार-चार पत्रं फुकट लिहून देते, हे सोसायटीला ठाऊक असतं. बोलणी खायची तयारी ठेवली की झालं.

तर गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी आला तो सोसायटीतला कोणी नव्हता, त्यांचा धाकटा भाऊ अविनाश होता. बाहेर धुरक्यामुळे समोरची बिल्डिंग अर्धीच दिसत होती. अविनाश नोएडाहून मास्क लावून आला, खोकला, मास्क खिशात घातला आणि सोफ्यावर बसायच्या आधीच त्यानं प्लॅस्टिकची फाइल टीपॉयवर ठेवली. परीक्षेत पहिला आलेला मुलगा प्रगतिपुस्तक ठेवतो तशी.

अविनाश पासष्टचा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोघं भावंडं वाढली. वडील केंद्र सरकारात होते, पुढे अविनाशही केंद्र सरकारात इंजिनियर झाला, पाणी आणि धरणं बघायला लागला. कॉलेजात असताना ओखल्याला यमुनेत शिडाच्या होड्या चालवायला शिकला होता. पुण्याकडे पोस्टिंग झालं तेव्हा धरणात चालवली. ते वेड रिटायर होईपर्यंत आत दबून होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं मलेशियात, लंकावी नावाच्या बेटावर, एका म्हाताऱ्या डच जोडप्याकडून तेहतीस फुटांची शिडाची बोट विकत घेतली. बोटीचं नाव मारायके. डच बाईच्या आईचं नाव होतं म्हणे. बदलू नका, अशी त्या दोघांनी विनंती केली होती. अविनाशची बायको देवयानी तिला नावानं हाक मारत नाही. 'ह्यांची लंकावीची बाई' म्हणते.

दोन हिवाळे अविनाश तिकडे जाऊन आला होता. डिसेंबरात जायचं, मार्चात परतायचं. दिल्लीची हवा चुकते आणि गुडघेही बरे राहतात, हे तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याच्या तोंडावर दिसायचं. परत आला की महिनाभर तो दहा वर्षांनी लहान दिसे.

पण यंदा दोन भानगडी झाल्या. बोट जिथे बांधून ठेवतात त्या धक्क्याला मरीना म्हणतात. त्या मरीनानं नियम कडक केला: तीस नोव्हेंबरपर्यंत विम्याचा कागद द्या, नाहीतर जागा रिकामी करा. आणि दुसरी भानगड घरातली. दोन हिवाळे नवरा विम्याशिवाय समुद्रात फिरत होता, हे देवयानीला कुठूनसं कळलं. ती सरकारी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई. तिनं आवाज चढवला नाही. "विमा असेल तर जा. नसेल तर बाईला विकून टाका," एवढंच म्हणाली, आणि विषय संपवला. म्हणजे कागद मिळाला नाही तर मरीना गेली, मरीना गेली तर बोट मिळेल त्या भावाला फुंकायची, आणि अविनाशचे हिवाळे संपले.

"ताई, बघ," अविनाश म्हणाला. "पाच मिनटांत पॉलिसी. घरबसल्या, फोनवर. तुमच्या ऑफिसात तीन महिने लागायचे यार. आणि स्वस्त! मी तर तीनदा चेक केलं."

"कोणाची आहे?"

"ऑनलाइन. बाहेरची कंपनी आहे. बिल्कुल जेन्युइन."

उल्काताईंनी चष्मा बदलला, पेन्सिल घेतली. अविनाशनं देवयानीनं दिलेला बेसनवड्यांचा डबा उघडून स्वतःच खायला सुरुवात केली. पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.

"अवी, ही बोट कधीची आहे?"

"लिहिलंय ना तिथे. दोन हजार अकरा."

"काय लिहिलंय ते मला दिसतंय. बोट कधीची आहे?"

अविनाशनं हातातली वडी खाली ठेवली. "त्र्याऐंशी," तो म्हणाला.

"म्हणजे बेचाळीस वर्षांची."

"ताई, ऐकून तर घे. डच लोकांनी घेतली तेव्हा दोन हजार अकरामध्ये नवी नोंदणी झाली. कागदावर तीच तारीख आहे. आपल्याकडे गाडीचं वय कशावरून मोजतात? आरसीवरूनच ना?"

हे फक्त दिल्लीचा माणूसच म्हणू शकतो. दुसऱ्या गावात जुनी गाडी ही कौतुकाची गोष्ट असते, दिल्लीत ती गुन्हा असते. डिझेलची गाडी दहा वर्षांची झाली की रस्त्यावरून गेली, पेट्रोलची पंधराला, आणि वय धरायचं ते आरसीवरच्या तारखेपासून. अविनाशची स्वतःची गाडी अशीच गेली होती. सोन्यासारखी गाडी, कुठे ओरखडा नाही, पण दहा वर्षं पुरी झाली म्हणून कागद बनवून नागपूरच्या एका माणसाला द्यावी लागली. त्या दिवसापासून 'जुनं' हा शब्द तो दबक्या आवाजात उच्चारायचा. एकदा बोटीसाठी बोल्ट शोधत करोल बागेत गाड्यांच्या पार्टच्या दुकानात गेला, तर दुकानदारानं मॉडेल विचारलं. "तिरासी," म्हणताच दुकानदारानं आधी रस्त्याकडे नजर टाकली आणि मग विचारलं, "अंकल, खड़ी कहाँ की है?" हा किस्सा अविनाश हसून सांगायचा. पण फॉर्ममध्ये बांधणीचं वर्ष विचारलं तेव्हा त्याचा हात आपोआप आरसीकडे गेला असणार. आणि गेल्यावर त्याला बरंही वाटलं असणार.

"तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस," उल्काताई म्हणाल्या. "बांधणीचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष हे दोन निरनिराळे रकाने आहेत. दोन्हीत तू अकराच लिहिलंयस."

"त्र्याऐंशी टाकलं की फॉर्म पुढेच जात नव्हता ताई. लाल अक्षरात सॉरी म्हणायचा."

"मग त्यानं तुला उत्तर दिलं होतं."

अविनाशनं डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाला, "मरीनाला फक्त कागद पाहिजे. देवयानीला पण कागदच पाहिजे. कोण बघायला येतंय? आणि मी क्लेम करणारच नाही, चलो, लिहून देतो."

उल्काताईंना राग आला. तो खरं तर एकट्या अविनाशवरचा नव्हता. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि त्याला जे सांगितलं ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

शहाण्णव साल असेल. रत्नागिरीकडचा एक ट्रॉलर बुडाला. माणसं वाचली, ट्रॉलर गेला. तपासात निघालं की फॉर्ममध्ये बांधणीचं साल चुकीचं. मूळ ट्रॉलर बाराएक वर्षं आधीचा. मालकानं नवं लाकूड घातलं ते साल लिहिलेलं. मालकाचं नाव अंबादास. आपली बाजू सांगायला तो गाडीत बसून दिल्लीला आला. ऑफिसात मराठी बोलणाऱ्या एकट्या उल्काताई, म्हणून साहेबांनी त्याला त्यांच्यासमोर बसवला. "सगळं लाकूड नवं घातलं बाई, मग बोट नवीच की," तो म्हणाला. "फॉर्म भरून घेणाऱ्यानं मला काही विचारलंच नाही." उल्काताईंनी त्याला चहा पाजला. चहा संपल्यावर क्लेम नामंजूर झाल्याचं सांगितलं. पत्रावर सही त्यांचीच होती. नियमाप्रमाणे ती बरोबर होती. तो भांडला नाही. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि स्टेशनला बस कुठून मिळते ते विचारलं.

"पुढे त्याचं काय झालं?" अविनाशनं विचारलं.

"मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही." त्यांनी पॉलिसी मिटून फाइलमध्ये घातली. "अवी, हा कागद म्हणजे विमा नाही. तुझी बोट वाऱ्यानं सुटून शेजारच्याच्या बोटीवर आदळली, त्याचा पाय मोडला, तर ही कंपनी पहिल्याच दिवशी हात वर करेल. आणि ते बरोबरच असेल. माझ्यासारखीच कोणीतरी सही करेल."

"मग मी काय करू? बोट विकू?"

"खरं कळव."

"खरं कळवलं तर पॉलिसी गेली. पॉलिसी गेली तर सगळं गेलं. मी पासष्टचा आहे ताई. किती हिवाळे उरलेत माझे?"

अविनाश उठला, मास्क लावला, फाइल काखेत मारली. दारातून वळून "निघतो" म्हणाला तेवढंच. डबा तसाच राहिला.

पुढचे तीन दिवस उल्काताईंना अन्न गोड लागलं नाही. कंपनीला त्या स्वतः कळवू शकल्या असत्या, पण सही अविनाशची होती आणि दुसऱ्याच्या सहीवर बोट ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. मूग गिळून बसणंही शक्य होतं. भावाचा हिवाळा सुखाचा जाईल, भावजय शांत राहील, कोणाला काही कळणार नाही. हे त्यांच्या मनात आलं नाही असं कोणी समजू नये. चांगलं दोन-दोनदा आलं.

चौथ्या दिवशी देवयानीचा फोन आला. "ताई, ह्यांचं काय बिनसलंय? तुमच्याकडून आल्यापासून तोंडात मिठाची गुळणी धरलीय. फॉरवर्ड पाठवायचे पण बंद झालेत."

"मी येते," उल्काताई म्हणाल्या. वैशालीला मेट्रोत बसल्या, यमुना बँक स्टेशनात गाडी बदलली आणि जेवणाच्या आधी नोएडाला पोचल्या.

देवयानी पोळ्या लाटत होती. हात धुऊन बाहेर आली आणि तिनं सरळ विचारलं, "ताई, ती पॉलिसी पक्की आहे ना?"

उल्काताईंनी अविनाशकडे बघितलं. तो जेवणाच्या टेबलाशी पेपर घेऊन बसला होता. घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा त्यानं पेपर खाली ठेवला.

"पक्की नाही," तो म्हणाला. "मी बोटीचं वय खोटं लिहिलं."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं; लाल अक्षरातल्या सॉरीसकट. देवयानीनं ऐकून घेतलं. "अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे बेचाळीस वर्षांच्या बाईबरोबर मी तुम्हाला पाठवत होते, आणि वर निर्धास्त झोपत होते." मग ती आत गेली आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या. त्या दिवशी पोळ्या जरा जाड झाल्या होत्या. कोणी तसं म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर उल्काताईंनी पत्र सांगितलं आणि अविनाशनं टाइप केलं. तीन दिवसांत कंपनीचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, पॉलिसी रद्द. मरीनाची मुदत संपायला अठरा दिवस होते.

इथून पुढे उल्काताई नऊ वर्षांनी पुन्हा ऑफिसला जायला लागल्यासारख्या झाल्या. रोज साडेनऊला अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून त्या लॅपटॉपसमोर बसत. अविनाशला फोन करून म्हणत, "हं, आता सांग." डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा कधीच्या? इंजिन कोणत्या साली बदललं? गॅसची टाकी कुठे असते? आग विझवायच्या नळकांड्यावर तारीख कोणती आहे? तळ शेवटचा कधी रंगवला? अविनाशला निम्म्या गोष्टी माहीत नव्हत्या. तो डच जोडप्याला मेल करायचा, मरीनातल्या शेजाऱ्याला फोटो काढायला सांगायचा. तारा दोन हजार चारच्या निघाल्या. नळकांड्याची मुदत त्यानं बोट घेतली त्याच्याही आधी संपली होती.

"कधी अपघात झालाय का? रकाना आहे," उल्काताईंनी एक दिवस विचारलं. त्या वेळी त्या नोएडालाच बसल्या होत्या.

"नाही."

"अवी."

"मागच्या फेब्रुवारीत थोडी टेकली होती. चिखलात."

"किती वेळ?"

"भरती येईपर्यंत."

"कधी?" असा देवयानीचा आवाज स्वयंपाकघरातून आला, आणि पुढचे दोन दिवस अविनाशला सकाळचा चहा स्वतः करून घ्यावा लागला. पण ते रकान्यात गेलं.

बोटीचं खरं वय लिहिलेले अर्ज एकेका विमा कंपनीला जात होते. उत्तरं येत होती आणि नाही म्हणत होती. एका कंपनीला तीस वर्षांवरची बोट नकोच होती. दुसरीला आशियातली नको होती. तिसरीला पासष्टीचा कप्तान नको होता. एका कंपनीनं पूर्ण विमा द्यायची तयारी दाखवली, पण हप्ता ऐकून अविनाशनं पाणी मागितलं. तसे दोन-तीन हप्ते भरले असते तर दुसरी मारायके आली असती. मुदतीला आठवडा उरला तेव्हा खुद्द उल्काताईंनी हात टेकल्यासारखं झालं होतं. त्या अविनाशला तसं बोलल्या नाहीत, पण रात्रीचं जेवण टाळायला लागल्या होत्या.

मग मलेशियातल्याच पेनांगच्या एका विमा-दलालबाईंचं उत्तर आलं. त्यात ना हो होतं ना नाही. नुसते प्रश्न होते, तेवीस, एकेक मुद्द्याला धरून. उल्काताईंनी ते वाचले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मनापासून हसल्या. "हिला काम येतं," म्हणाल्या. तेविसाची तेवीस उत्तरं त्यांनी त्याच दिवशी पाठवली. कुठे माहीत नव्हतं तिथे 'माहीत नाही' असं लिहिलं. दलालबाईंनी उलट टपाली लिहिलं की अशी उत्तरं मला बोटवाल्यांकडून कधी येत नाहीत, तुम्ही कोण आहात?

सत्तावीस तारखेला कागद आला. बोटीचा स्वतःचा विमा नाही. इतक्या जुन्या बोटीचा परवडेल असा मिळणार नाही, हे दलालबाईंनी स्वच्छ लिहिलं होतं. फक्त थर्ड पार्टी: आपल्या बोटीनं दुसऱ्याचं नुकसान केलं, किंवा बुडालेली बोट बाहेर काढायची वेळ आली, तर तो खर्च. हप्ता खिशाला झेपणारा. अटी दोन. रात्रीच्या प्रवासात बोटीवर दोन माणसं हवीत. आणि तारा वीस वर्षांच्या असल्यामुळे मरीना सोडण्याआधी तिथल्या मान्यताप्राप्त मिस्त्रीनं डोलकाठीवर चढून एकेक तार तपासायची आणि फोटोसकट रिपोर्ट द्यायचा. मरीनाला एवढा कागद पुरे होता.

अविनाशला आनंद झाला आणि लगेच धाकधूक सुरू झाली, कारण अजून घरातली परवानगी बाकी होती. संध्याकाळी तिघं नोएडाच्या टेबलाशी बसली. देवयानीनं कागद दोनदा वाचला.

"म्हणजे बोट बुडाली तर?"

"आपले पैसे गेले," उल्काताई म्हणाल्या.

"आणि हे बुडाले तर?"

उल्काताईंनी एक क्षण डोळे मिटले. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना असा कोणी विचारला नव्हता. "ते ह्या कागदात नाही, देवयानी. ते पहिल्या पॉलिसीतही नव्हतं. ती खरी असती तरी नसतं. बोटीचा विमा माणसाला सांभाळत नाही. तो नंतरचं बघतो."

देवयानीनं कागद खाली ठेवला. "मला वाटत होतं," ती म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, "मला वाटत होतं विमा आहे म्हणजे कोणीतरी ह्यांच्याकडे बघतंय."

अविनाशनं तिच्या हातावर हात ठेवायला पुढे केला आणि मध्येच टेबलावर ठेवला. "नको तर नाही जात," तो म्हणाला. त्यात नाटक नव्हतं. उल्काताईंना भावाचा आवाज कळतो. त्याक्षणी तो खरोखर बोट विकायला तयार झाला होता.

देवयानीनं कागद पुन्हा उचलून अटी वाचल्या. "दोन माणसं हवीत म्हणे," ती शेवटी म्हणाली. "दुसरं कोण आहे तुमच्याकडे?"

"कोणी नाही. मी रात्रीचा जाणार नाही."

"तुमच्या बोलण्यावर काय जायचंय? थोडी टेकली होती म्हणणारे तुम्ही." ती उठली. "मी येते. कोणीतरी बघायला पाहिजे ना. आणि ताई, त्या महागड्या पॉलिसीला जे पैसे गेले असते, त्यातून आधी तारा बदलायच्या. मिस्त्री चांगल्या आहेत म्हणाला तरी."

दोन डिसेंबरला दोघं गेली. देवयानीनं पोहे, मेतकूट, दोन किलो भाजणी आणि भूगोलाचा जुना नकाशा बरोबर घेतला. उल्काताई विमानतळावर गेल्या नाहीत. निरोप-बिरोप त्यांना जमत नाही. त्यांनी घरी बसून फाइल लावली आणि वर नीट अक्षरात 'मारायके, १९८३' असं लिहिलं.

सात तारखेला दुपारी व्हिडिओ कॉल आला. आधी नुसतं ऊन दिसलं, मग अविनाशची टोपी, मग देवयानीचा हात. तिच्या तळहातावर तारेचा वीतभर तुकडा होता.

"ताई, दिसतंय का?" अविनाशनं विचारलं. त्याचा आवाज वेगळाच लागला होता. "मिस्त्री वर चढला. वरून सगळं चकचकीत दिसत होतं. मग खाली उतरून त्यानं मागच्या तारेचं टोक सोडवलं. तारेला एकोणीस पदर असतात. त्यातले अकरा आतल्या आत तुटलेले."

"गंजून," देवयानी म्हणाली. "नखानं खरवडलं तरी पूड निघतेय."

"तो म्हणाला, एका चांगल्या वाऱ्याचं काम होतं. डोलकाठी खाली आली असती." अविनाश थांबला. "ताई, मागच्या तारेवर ताण कधी येतो ते मला माहीत आहे. गेल्या फेब्रुवारीत मी एकटा होतो. जोराचा वारा होता, मजा वाटत होती. सुकाणूशी बसून गाणी म्हणत होतो."

उल्काताईंनी चष्मा बदलून तारेचा तुकडा बघितला.

"त्या पाच मिनिटांच्या पॉलिसीवर कोणी वर चढलंच नसतं," तो म्हणाला. "अकराच्या बोटीची तार कशाला कोण सोडवून बघतंय? आणि यंदा तर मी पार थायलंडात, फुकेतपर्यंत जाणार होतो, एकटाच."

देवयानीनं तारेचा तुकडा बंद मुठीत धरला आणि मूठ पदराखाली घेतली. पाठीमागे कुणीतरी मलाय भाषेत काहीतरी ओरडून सांगत होतं. नव्या तारेचं भेंडोळं धक्क्यावर उतरवत होते.

'मी सांगितलं होतं' म्हणायचा हक्क उल्काताईंना इतका कधीच मिळाला नव्हता, आणि तो वापरायची त्यांची आयुष्यभराची सवय होती. पण त्यांना दिसत होता गाणी म्हणत बसलेला अवी, आणि त्याच्या डोक्यावर उभी असलेली ती काठी. आई-वडील गेले तेव्हाही धाकट्यासमोर त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यावर अंगठा दाबून धरला.

"ताई? ताई, तू दिसत नाहीयेस. अंधार झालाय नुसता."

"नेटवर्क खराब आहे इकडे," उल्काताई म्हणाल्या.